दुसऱ्या पानावरचा रोलर

कीर्तनाला उभा राहिलेला बुवा काही एकदम गोष्टीला हात घालत नाही. आधी नमन, मग एखादा अभंग, मग त्याचं निरूपण. मध्ये नामाचा गजर होतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो, कपाळी बुक्का लागतो, आणि मग कुठे आख्यान उभं राहतं. ऐकणाऱ्याचं मन नांगरून भुसभुशीत झाल्याशिवाय त्यात बी टाकू नये, ही त्यातली खूण. चंद्रभान झाडे सरांनी ही खूण बापाच्या मांडीवर बसून ऐकली होती. पुढे पंचवीस वर्षं त्यांनी ती नागपूरच्या हिंगण्याकडच्या एका शाळेत नववी-दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवायला वापरली.

"पत्र म्हणजे कीर्तनच समजा," फळ्यावर खडू आपटून ते म्हणत. "पहिल्या परिच्छेदात नमन. समोरच्याचं क्षेमकुशल, त्याच्या मोठेपणाचे दोन शब्द. मग निरूपण. आणि आपलं मागणं? ते शेवटी. दारात पाय टाकल्याबरोबर ‘पाणी आणा’ म्हणणारा पाहुणा आवडते का कोणाले?"

पोरं खदखदून हसत आणि तसंच लिहीत. पत्रलेखनाचे मार्कही भरभरून पडत. सर माणूस मऊ. कोणतं पोर उपाशी आलंय हे त्यांना हजेरी घेताना चेहऱ्यावरून कळे, आणि मधल्या सुट्टीत आपला डबा ते त्याच्यापुढे सरकवत. एकादशीला देवळात कीर्तनकार देवाजीबुवांच्या मागे झांज घेऊन उभे राहिले की त्यांच्या डोळ्यांतून धारा लागत. अशा माणसाच्या हातून वाईट काय होणार, असं कोणीही म्हटलं असतं.

दहावीतली कामिनी एवढीच काय ती साच्यात बसत नव्हती. तिची इंग्रजी वाक्यं म्हणजे तोडून ठेवलेल्या काड्या. कोणी केलं, काय केलं, टिंब. संपलं.

"बेटा, तुझं लिहिणं चुकत नाही, पण अंगावर येते," सर म्हणत.

"चुकलं नाई तं मार्क काहून कापला, सर?"

"चुकलं नाही म्हणून एकच कापला."

वर्ग हसे. कामिनी हसत नसे. वही घेऊन गुपचूप जागेवर जाऊन बसे.

डिसेंबरातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात वही.

"सर, हे परीक्षेचं नाई. बाबाच्या कंपनीचं आहे."

तिचे वडील रुपराव हिंगण्याच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. तिथे दोन तापलेल्या रोलरांमधून कागद ओढला जाई. कागद अडकला की हाताने मोकळा करायचा. रोलरपुढे लोखंडी जाळी असे, म्हणून हात आत जात नसे. दिवाळीच्या साफसफाईत ती जाळी निघाली, वेल्डिंगला गेली, आणि गेली ती गेलीच. मशीन थांबवायचं लाल बटणही तीनदा दाबल्याशिवाय ऐकत नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, वर लिहून द्या. वर बसणारा मॅनेजर मराठी वाचत नव्हता. रोलरवरच्या बारा कामगारांमध्ये इंग्रजी येणारा एकही नाही. तेव्हा रुपराव छाती काढून म्हणाले होते, "माही पोरगी लिहिते ना इंग्लिश!"

आणि पोरीने लिहिलं होतं. इंग्रजीत सहा वाक्यं. रोलरवर जाळी नाही. थांबवायचं बटण चालत नाही. आमचे हात रोज त्याच्याजवळ जातात. कोणीतरी मरेल. जाळी परत लावा. आम्ही बारा कामगार आहोत.

सरांनी वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अगं, ‘कोणीतरी मरेल’ असं लिहितात का? अशुभ बोलू नये माणसानं. साहेबाला तर मुळीच नाही."

त्यांनी खिशातला लाल पेन काढला. अर्धा तास ते त्या वहीवर वाकून होते, आणि खरं सांगायचं तर फार मायेने वाकून होते. आरंभी येत्या नववर्षाच्या शुभेच्छा आल्या. मग साहेबांच्या कुशल नेतृत्वाखाली कंपनीने केलेली प्रगती आली. दिवाळीला मिळालेल्या मिठाईच्या डब्याबद्दल कृतज्ञता, मशीन ही आम्हा गरिबांची अन्नदाती माउली आहे ही भावना, असं सगळं ओळीने आलं. त्यात पहिलं पान भरलं. दुसऱ्या पानावर मधोमध एक वाक्य बसलं: सोयीचं वाटल्यास रोलरच्या जाळीचाही कृपया विचार व्हावा, अन्यथा थोडी गैरसोय होण्याचा संभव आहे. ‘कोणीतरी मरेल’ यावर त्यांनी आडवी लाल रेघ मारली. एक मारली, ती पुसट वाटली, म्हणून तिच्यावर दुसरी मारली.

"सर, जाळी दुसऱ्या पानावर गेली," कामिनी म्हणाली.

"जाऊ दे. आख्यान कधी पहिल्या घटकेला येते का?"

कामिनीने तिथेच बसून दोन्ही पानं स्वच्छ कागदावर उतरवली आणि सरांनी ती तपासून दिली. सोमवारी रुपराव स्वतः शाळेच्या फाटकाशी आले. मोटारसायकलवर बसल्या बसल्याच हसून म्हणाले, "सर, पोरीनं तं कंपनीची आरतीच लिवली! मी म्हटलं, येवढी कायले? तं म्हणे, सरनं सांगितलं. मंग आपण गप. तुमच्यापुढं आपण काय बोलाव?"

"रुपराव, आरतीशिवाय प्रसाद भेटते का?"

"हे बी खरं हाय," म्हणून रुपरावांनी किक मारली.

पत्र मॅनेजरने उभ्या उभ्याच वाचलं. अर्धं पान वाचून त्याचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत कामगारांनी आपल्याला असं कधी लिहिलं नव्हतं, असं तो म्हणाला. पहिल्याच पानाच्या कोपऱ्यात त्याने इंग्रजीत ‘आभारासह नोंद घेतली’ असं लिहून सही केली, शिक्का मारला आणि बाराही जणांना चहा सांगितला. बारा जणांनी चहा घेतला. बाहेर येऊन शिक्का असलेल्या पानाची त्यांनी झेरॉक्स काढली. दुसऱ्या पानावर शिक्का नव्हता, म्हणून ते काढलं नाही. आपल्या माणसाला कागदात काय लिहिलंय यापेक्षा त्यावर शिक्का आहे की नाही याचाच भरवसा जास्त.

आणि तिथेच घात झाला. पत्राआधी ते बारा जण म्हणत होते, की आठ दिवसांत जाळी आली नाही तर रोलरपुढे उभंच राहायचं नाही. पत्रानंतर ते म्हणू लागले, साहेबानं वाचलं ना, येईल. तेवीस दिवस ते असं म्हणत राहिले.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळच्या पाळीत कागद अडकला. थंडी होती, रुपरावांच्या अंगात स्वेटर होता. आधी बाही आत गेली. शेजारच्या चंपतरावांनी लाल बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग धावत जाऊन मेन स्विच पाडला. तोवर हाताचं खांद्यापर्यंत काही उरलं नव्हतं. दवाखान्याच्या वाटेवर रुपराव गेले.

तिसऱ्या दिवशी सर त्यांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली पांढऱ्या कपड्यातली माणसं बसली होती. रुपरावांची बायको प्रेमिला भिंतीला टेकून होती. कामिनी दाराशी. चंपतराव खाली मान घालून सांगत होते, "कंपनीवाले म्हणते, तुमी तं आभाराचं पत्र देल्लं होतं. जाळीचं काईच नव्हतं म्हणे त्याच्यात."

प्रेमिलाने मान वळवून पोरीकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"बारा माणसं हिच्या भरोशावर होते. दहा वर्सं शिकवलं हिले. बापानं हिच्या शाळेसाठी चपला घासल्या. अन् हिले एक कागद सरळ लिहिता नाई आला."

"हाव," कामिनी म्हणाली. "मीच लिवलं थे. चुकलं माह्यं."

तिने एकदा सरांकडे पाहिलं आणि डोळे खाली केले. सरांच्या तोंडाशी शब्द आले होते. पण असं एकदम कसं सांगायचं? दुःख ताजं आहे, चार माणसं बसली आहेत, आधी दोन सांत्वनाचे शब्द बोलावे, मग योग्य वेळ पाहून... ते म्हणाले, "धीर धरा, ताई." आणि चपला घालून बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर त्यांना कळलं, की इथेही आपण आधी नमनच शोधत होतो.

कामिनी शाळेत येईनाशी झाली. सर वर्गात पत्रलेखन शिकवायला उभे राहत आणि धडा उघडून दुसरंच काही शिकवत. जेवण उतरेना. झांज हातात घेतली तर ती दुसऱ्या कोणाची असल्यासारखी जड लागे. शेवटी एका दुपारी ते देवळात देवाजीबुवांकडे गेले. बुवा ओट्यावर बसून चिवडा खात होते. सरांनी सगळं सांगितलं. सांगायला त्यांना तासभर लागला.

बुवांनी हात झटकले. "मले सांग गा चंद्रभान, माह्या कीर्तनात लोकं शेवटपर्यंत काहून बसते?"

"गोडी लागते, बुवा."

"गोडी! अबे, प्रसाद शेवटी असते म्हणून बसते. अर्धे तं बुंदीच्या वासानं बसते. आधीच प्रसाद वाटला तं भैरवीले मी अन् पेटीवाला, दोघंच उरू. ऑफिसात तू कोणता प्रसाद वाटून राहिला होता गा?"

सर हसले नाहीत. बुवाही हसले नाहीत.

"अन् आईक. मांडवाले आग लागली तं बुवा अभंग अर्धा टाकते अन् ‘पळा’ म्हणते. तेव्हा जो नमन करत बसते, त्याले भक्त नाई म्हणत."

"काय म्हणतात?"

"थे मले कायले विचारतं? मी त्या पोरीची माय आहो का? जा तिच्याजवळ."

दुसऱ्या दिवशी सर गेले. प्रेमिला शिलाई मशीनवर बसली होती. पाय थांबवले नाहीत.

"कामिनी नाई घरी. सीताबर्डीत कपड्याच्या दुकानात लावली तिले. घड्या करते."

"ताई, तिची दहावी—"

"कायले दहावी? अजून एखादा कागद लिहायले?" मशीन थांबलं. "गुरुवारी सरकारी चौकशीले बलावलं हाय. कंपनीचा वकील म्हणते, खतरा होता तं आमाले कोणी सांगितलंच नाई. आता पोरीले साहेबासमोर उभं करून विचारतील, अन् पोरगी तिथं बी तेच सांगन, चुकलं माह्यं. मी तिच्या हातचं पाणी पेते, सर, पण गिळवत नाई मले."

"मी येतो गुरुवारी," एवढंच सर म्हणाले.

गुरुवारची ती खोली लहान होती. एक टेबल, मागे चौकशी अधिकारी, उजवीकडे कंपनीचा वकील, डावीकडे मायलेकी, भिंतीलगत बाकावर चंपतराव आणि झाडे सर. वकिलाने फाइलमधून पत्र काढून पुढे ठेवलं. एकच पान. आभाराचं.

"दुसरं पान होतं," चंपतराव म्हणाले.

"दाखवा," वकील म्हणाला. चंपतरावांजवळ त्याच पानाची झेरॉक्स होती.

अधिकाऱ्याने चष्मा वर केला. "बेटा, पत्र तू लिहिलंस ना? कच्चा कागद असेल."

"वहीत होता. फाडून जाळला."

"कधी?"

"बाबा गेले त्याच दिवशी. सांजच्याले."

"का?"

कामिनी बोलेना. वकिलाने अधिकाऱ्याकडे पाहून नुसते खांदे उडवले.

"बोल वं!" प्रेमिला फुटली. "बापाचा एक कागद होता, तोही जाळला? काहून जाळला?"

कामिनीने टेबलावरच्या त्या एका पानावरून नजर हलवली नाही. त्या क्षणी सरांना दिसलं, की ही पोर हे ओझं घेऊन म्हातारी होईल पण बोलणार नाही. आणि हिच्या मौनाने दुसरं पानही कायमचं नाहीसं होईल.

"त्यावर लाल शाई होती, म्हणून जाळला," सर उठून उभे राहिले. "ती शाई माझी."

अधिकाऱ्याने त्यांना नाव, शाळा, विषय विचारला. मग कोरा कागद पुढे सरकवला. "इंग्रजीत लिहा. उद्या हे कोर्टात गेलं तर वकील मंडळी इंग्रजीतच भांडतील. लिहून झालं की बाईंना मराठीत वाचून दाखवा. त्यांची सही लागेल, ऐकलं म्हणून."

सर लिहायला बसले. ‘अत्यंत आदरपूर्वक आणि नम्रतेने’ अशी सुरुवात झाली. दोन ओळी गेल्या आणि त्यांनी कागद चुरगाळला. दुसरा घेतला. त्यावर आपली पंचवीस वर्षांची सेवा उतरली. तोही चुरगाळला. पंचवीस वर्षं पोरांना वाक्यं लिहायला शिकवलेल्या माणसाच्या कपाळावरून घाम टेबलावर पडत होता. अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं.

"सर," कामिनी आपल्या जागेवरूनच, हळू आवाजात म्हणाली, "पहिले काय झालं थे लिहा."

सरांनी मान डोलावली आणि लिहिलं. फार वेळ लागला नाही. मग कागद हातात घेऊन ते प्रेमिलासमोर उभे राहिले आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागले.

"रुपराव रोलरमध्ये सापडून मेले. रोलरवर जाळी नव्हती. कामगारांनी हे कंपनीला आधी लिहून दिलं होतं. ते पत्र कामिनीनं लिहिलं. तिच्या पत्रात जाळीची गोष्ट पहिल्या वाक्यात होती. मी ती तिथून काढली. मी ती दुसऱ्या पानावर टाकली. पत्राला दोन पानं होती, ती दोन्ही मी तपासली. कामिनीनं लिहिलं होतं, ‘कोणीतरी मरेल’. ते वाक्य मी खोडलं. त्याजागी मी ‘थोडी गैरसोय’ असं घातलं."

वकिलाचा पेन चालू लागला. "म्हणजे जिवाला धोका आहे असं कंपनीला कळवलंच नव्हतं. हे तुम्हीच सांगताय, सर."

सरांना ते लिहितानाच कळलं होतं. शेवटची तीन वाक्यं गाळली असती तर दुसरं पान नुसतं जाळीचं पान म्हणून कंपनीविरुद्ध उभं राहिलं असतं. पण मग पोरीने काय लिहिलं होतं हे तिच्या आईला कोणी सांगितलं असतं? दोन्ही गोष्टी एका कागदात वाचवता येत नव्हत्या.

"जाळीबद्दल पत्रात होतं, एवढं मी नोंदवतो," अधिकारी म्हणाला. "बाकी कोर्ट पाहील."

प्रेमिलाला त्या बोलण्याशी काही घेणं नव्हतं. "ते परत वाचा," ती म्हणाली.

"कोणतं, ताई?"

"मरन म्हणून लिवलं होतं, ते."

सरांनी वाचलं. "कामिनीनं लिहिलं होतं, ‘कोणीतरी मरेल’. ते वाक्य मी खोडलं."

प्रेमिला पोरीकडे वळली. "तू लिवलं होतं असं?"

"हाव."

"मंग मले काहून नाई सांगितलं वं? महिनाभर मी तुले..." पदर तोंडात कोंबून ती तशीच बसून राहिली.

"सर आहेत थे," कामिनी म्हणाली.

प्रेमिलाने कागदावर सही केली. एकेक अक्षर दाबून, सावकाश. मग उठून पोरीचं मनगट धरलं, लहान मुलीला रस्ता ओलांडताना धरतात तसं घट्ट. दाराशी जाऊन ती थांबली.

"सर, आमच्या घरात हात जोडून मागायची रीत नव्हती. माह्या सासऱ्यानं मोडली होती ती छप्पनसाली, दीक्षा घेतली तेव्हा. पोरीनं सरळच लिवलं होतं. तुमी तिचे हात जोडले."

सरांना बोलण्याजोगं एकच होतं, आणि ते सह्या होऊन फाइलला लागलं होतं. तरी त्या दोघी व्हरांड्यात पोचल्यावर त्यांच्याने राहवेना. ते मागे धावले.

"कामिनी, सोमवारी शाळेत ये. परीक्षेचा फॉर्म मी पाहतो. एवढं वर्ष नको घालवू."

कामिनीने आईकडे पाहिलं. प्रेमिला म्हणाली, "तुह्यं तू सांग."

"येईन," कामिनी म्हणाली. "पण तुमच्या तासाले नाई बसणार, सर."

"बरं," सर म्हणाले.

मायलेकी जिना उतरून गेल्या. सरांना त्यांच्याबरोबर खाली जाता आलं नाही. अधिकाऱ्याने आतून हाक मारली होती. जबाबाच्या आणखी तीन प्रतींवर त्यांच्या सह्या व्हायच्या होत्या.